गोसीखुर्दच्या फुगवट्यावर खासगी धक्का: ठेकेदार कसा निवडावा, करारात काय लिहावं?

वैनगंगाकाठ

नमस्कार मंडळी. जागा पवनी तालुक्यात, वैनगंगेवरच्या गोसीखुर्द धरणाच्या फुगवट्याला (मागे साठलेल्या पाण्याला) लागून असलेलं वावर. चार खोल्यांचं कृषी पर्यटन आहे, एका वेळी जास्तीत जास्त १०-१२ पाहुणे. एक १६ फुटी फायबर बोट (१५ एचपी इंजिन) आणि एक वल्ह्याची नाव बांधायला, माणसं चढ-उतार करायला धक्का हवा आहे.

मोजमाप असं. ऑक्टोबरात धरण भरलं की पाणी धुऱ्यापासून (वावराच्या बांधापासून) ६ मीटरवर येतं. मे अखेर तीच कड ३४ मीटर आत सरकते. पाण्याच्या नळीने लेव्हल घेतली तर या दोन कडांमधला फरक ३.४ मीटर भरला. माती वरचे चार फूट कन्हार (काळी चिकण माती), खाली मुरूम.

तीन कोटेशन हातात आहेत:

१. घरं बांधणारा ठेकेदार: आरसीसी कॉलम, १२ मीटर लांब, २ मीटर रुंद स्लॅब, रेलिंग. साडेसहा लाख, एका ओळीत, तपशील काही नाही.
२. प्लास्टिकचे तरंगते ठोकळे विकणारा डीलर: ६ बाय ३ मीटर, ७२ ठोकळे, सोबत ४ मीटरचा जोडपूल. "दोन दिवसांत बसवून देतो."
३. गावाजवळचं वेल्डिंग दुकान: लोखंडी सांगाडा, खाली निळे ड्रम, वर टिनाचं शेड, दोराने बांधायचं. सर्वांत स्वस्त.

यांपैकी कोणतं घ्यावं? परवानगी कोणाची लागते? आणि ठेकेदाराला नेमकं काय विचारायचं?

---

मोजपट्टी

वैनगंगाकाठ भाऊ, तुम्ही दोन्ही कडा मोजून आणल्या, अर्धं काम तिथेच झालं. बहुतेक जण ऑक्टोबरात काठावर उभं राहून "एवढा लांब पाहिजे" असं हात पसरून सांगतात.

३४ मीटरला ३.४ मीटर, म्हणजे उतार १ला १०. याचा अर्थ पाणी एक वीत उतरलं की कड दोन-सव्वादोन मीटर मागे जाते. कोकणात भरती-ओहोटी खांबाला वर-खाली होते आणि बारा-साडेबारा तासांत परत येते. आपल्याकडे पाणी आडवं पळतं आणि आठ महिने परत येत नाही. तिन्ही कोटेशन याच जागी चुकली आहेत.

आरसीसीचा धक्का: गोसीखुर्दची पूर्ण संचय पातळी २४५.५० मीटर. स्लॅबचा तळ त्याच्या वर किमान ६०-७० सेंटिमीटर ठेवावा लागेल, नाहीतर लाट खालून मारते. बारा मीटर लांब स्लॅबच्या टोकाशी भरल्या धरणात जेमतेम मीटरभर पाणी, ते डिसेंबर-जानेवारीपर्यंत संपतं. मेमध्ये तो धक्का जमिनीवर दोन मीटर उंच उभा आणि पाणी तिथून बावीस-चोवीस मीटर पुढे. शिवाय कन्हार माती ओली झाली की फुगते, वाळली की भेगाळते. तुमच्या काठावर हे दरवर्षी होणार. साधी फुटिंग (कॉलमचा उथळ पाया) त्यात हलते, कॉलम तिरपे होतात, स्लॅबच्या सांध्यात चीर जाते. करायचंच असेल तर मुरमात नेऊन टेकवलेल्या अंडर-रीम्ड पाइल (तळाशी फुगा असलेले, जमिनीत ओतलेले काँक्रीटचे खांब) लागतात. घराच्या ठेकेदाराला "पाइल किती खोल, खाली किती व्यासाचा फुगा?" एवढं विचारा, उत्तरावरून कळेल.

ठोकळ्यांचा धक्का: वस्तू चांगली आहे. अर्धा मीटर बाय अर्धा मीटर, ४० सेंटिमीटर उंच ठोकळे, चौरस मीटरला चार. १८ चौरस मीटरला ७२ बरोबर आहेत. चौरस मीटरला साधारण ३५० किलो भार तोलतात. पण ४ मीटरचा जोडपूल तुमच्या उतारावर पाणी ४० सेंटिमीटर उतरलं की संपला. ते "दोन दिवसांत" बसवून जातील, पुढची सरकवासरकव तुमची.

माझ्या मते तुम्हाला दोन वस्तू लागतात, एक नाही. पहिली, काठावरून खाली उतरणारा मुरमाचा पक्का रपटा, ३ मीटर रुंद, ऑक्टोबरच्या कडेपासून मेच्या कडेच्या पुढे चार-पाच मीटरपर्यंत. दुसरी, त्या रपट्याच्या नाकावर तरंगणारा छोटा धक्का, जो पाण्याबरोबर पुढे-मागे नेता येतो. रपट्यावरून ट्रॅक्टरने बोटही उतरवता येते, १ला १० उतार त्याला चालतो.

हिशेब असा करा. जोडपूल ८ मीटरचा, धक्क्याकडे बिजागरी, जमिनीकडे दोन चाकं. चाकं कडेपासून १ मीटर वर ठेवली तर धक्क्याचं आतलं टोक ७ मीटर आत, तिथे ७० सेंटिमीटर पाणी. ड्रमवरचा धक्का माणसांनी भरल्यावर जवळपास ४० सेंटिमीटर बुडतो, रिकामा १४-१५. म्हणजे पाणी ४० सेंटिमीटर उतरेपर्यंत रिकामा धक्का टेकत नाही. माणसं त्याच्या आधीपासूनच मोजून सोडायची. तेवढं उतरलं की सगळा संच ४ मीटर पुढे ढकलायचा. ३.४ मीटर भागिले ०.४, म्हणजे ऑक्टोबर ते मे आठ-नऊ वेळा. दर तीन-चार आठवड्यांनी, तीन माणसं आणि अर्धा दिवस. हे नको असेल तर जोडपूल लांब करा, पण १० मीटरच्या वर वजन आणि लवचीकपणा दोन्ही त्रास देतात.

रपट्यासाठी वरची कन्हार ४५ सेंटिमीटर उकरून बाजूला, मग मुरूम १५ सेंटिमीटरच्या थरांत, प्रत्येक थरावर पाणी आणि रोलर. ४५ चा मुरूम एकदम टाकून वरून जेसीबी फिरवला म्हणजे दबाई नाही, पहिल्याच फुगवट्यात खाली बसेल. खालच्या टोकाला मोठ्या दगडांची रांग दाबून बसवा, नाहीतर लाटा आणि इंजिनचा पंखा मुरूम खालून उपसून नेतात. हे काम फक्त १० मे ते पहिला पाऊस एवढ्याच दिवसांत होतं. ठेकेदार जानेवारीत ठरला नाही तर ते वर्ष गेलं.

---

सातबारा_वाचा

मोजपट्टींनी पाण्याचं सांगितलं, मी जमिनीचं सांगतो. तुमचं वावर "पाण्याला लागून" असलं तरी पाणी ज्या जमिनीवर उभं आहे ती तुमची नाही. बुडीत क्षेत्र संपादित झालेलं आहे. नदी-नाल्या-तलावांचे तळही महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ च्या कलम २० नुसार शासनाचेच. मेमध्ये पाणी हटलेली जमीन कोरडी दिसते म्हणून कोणी तिथे गाळपेर करतं, पण त्यालाही परवानगी लागते.

तेव्हा पहिला खर्च धक्क्यावर करू नका. भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीचा अर्ज टाका, संपादनाची हद्द खुणा लावून मागा. काही ठिकाणी धुरा आणि हद्द यांच्यात दहा-बारा मीटरचा फरक निघतो, दोन्ही बाजूंना.

मग विदर्भ पाटबंधारे विकास महामंडळाच्या संबंधित विभागाच्या कार्यकारी अभियंत्याकडे लेखी अर्ज. अर्जात "धक्का बांधणे" असा शब्द वापरला की फाइल पक्क्या बांधकामाच्या रस्त्याला लागते. जे आहे तेच नीट लिहा: तरंगता, काढून नेता येणारा, तळाशी कायम जोड नसलेला धक्का, आणि मुरमाचा उतार. सोबत नकाशा, पातळ्या, आकार, किती महिने पाण्यात राहणार, पूर आला तर कुठे हलवणार. तोंडी "करा ना, कोण विचारते" याला किंमत नाही. शाखेतला माणूस बदलला की ते वाक्यही बदलतं.

आणखी तीन गोष्टी. पवनीच्या बाजूला उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्य आहे. तुमचा गट त्याच्या पर्यावरण संवेदनशील क्षेत्रात येतो का ते वन विभागाकडून लेखी घ्या. दुसरं, जलाशयातली मासेमारी मच्छीमार संस्थेला दिलेली असते. तिचं ना-हरकत पत्र कायद्याने मागितलं नाही तरी घ्या, खालची कटकट वाचते. तिसरं, पाहुणे बसवणार म्हणजे बोटीची नोंदणी, तपासणी, विमा आणि माणसागणिक लाइफ जॅकेट. त्याचा धक्क्याशी संबंध नाही, पण अपघात झाला की सगळे कागद एकाच टेबलावर येतात.

ठेकेदाराच्या करारात एक ओळ टाकाच: "परवानगीचे पत्र हातात येईपर्यंत बुडीत क्षेत्रात खोदकाम सुरू करू नये." नाहीतर मे महिना पाहून तो जेसीबी घालतो आणि पंचनामा तुमच्या नावे होतो.

---

वेल्डिंग_आणि_बोल्ट

तिसऱ्या कोटेशनबद्दल लिहितो. गावाजवळचं दुकान वाईट नाही, पण त्याला ड्रॉइंग दिलं तरच. आपली दुकानं गेट, ट्रॉली, शेड उत्तम करतात. तरंगत्या वस्तूचा हिशेब त्यांनी कधी केलेला नसतो.

सर्वांत आधी टिनाचं शेड काढून टाका. नागपूर भागाचा वाऱ्याचा मूळ वेग आयएस ८७५ (बांधकामावरच्या भारांचं भारतीय मानक) मध्ये सेकंदाला ४४ मीटर धरला आहे. त्याचा दाब चौरस मीटरला ११८ किलोच्या आसपास येतो. १८ चौरस मीटरचं टिन उचलायला दोन टनांच्या वर ओढ. तुमचा सगळा धक्काच १२०० किलोचा! मे-जूनच्या एका वादळात तो पतंगासारखा उलटेल. सावली हवी असेल तर काठावर, आपल्या वावरात मांडव घाला.

आता आकडे. धक्का ६ बाय ३ मीटर, ३ बाय ३ च्या दोन तुकड्यांत.

सांगाडा १०० मिलिमीटरच्या चॅनलचा (इंग्रजी सी आकाराच्या लोखंडाचा), एकूण ४२ मीटर. मीटरला ९.५६ किलो, म्हणजे ४०० किलो. वर ३८ मिलिमीटरच्या सागाच्या फळ्या, साधारण ४४५ किलो. खुंट्या, कडी, टायर वगैरे ८० किलो. निळे २०० लिटरचे ड्रम ३०, नगाला ९ किलो धरून २७०. बेरीज १२०० किलो.

एक ड्रम आडवा पूर्ण बुडाला तर २२० किलो पाणी सारतो. तीसचे झाले ६६००. चौरस मीटरला २०० किलो माणसांचा भार धरला तर ३६००, अधिक १२००, एकूण ४८००. ड्रम ७३ टक्के बुडाले. एवढी शिल्लक ठेवावीच, कारण एखादा ड्रम कधीतरी पाणी घेणारच. ठेकेदार म्हणेल "१६ ड्रमवरही तरंगते ना." तरंगते, पण रिकामी.

रुंदी ३ मीटरच्या खाली आणू नका. पाहुण्यांची सवय अशी की मासा दिसला की सगळे एका कडेला. दहा जण, ७५० किलो, एका बाजूला गेले तर २.४ मीटर रुंद धक्का दहा-अकरा अंश कलतो, माणूस घसरतो. ३ मीटर रुंद करून ड्रमच्या दोन-दोन रांगा दोन्ही कडांना आणि एकच रांग मध्ये ठेवली तर तेच कलणं सहा अंशांच्या आसपास राहतं. ड्रम तेवढेच, फरक जागेचा. जोडपूल जिथे टेकतो त्या टोकाला त्याचं अर्धं वजन येतं, तिथे दोन ड्रम जादा.

ड्रमला पाणी कसं शिरतं ते बहुतेकांना माहीत नसतं. फुटून नाही. मेच्या दुपारी आतली हवा तापते, फुगते, बुचातून थोडी बाहेर पडते. रात्री गार झाली की आत ओढ तयार होते आणि बूच पाण्यात असेल तर घोटभर पाणी आत. रोज घोटभर. दिवाळीत बसवलेला ड्रम पोळ्यापर्यंत अर्धा भरतो. उपाय: दोन्ही बुचं एका आडव्या रेषेत, रिकाम्या धक्क्याच्या पाण्याच्या वर राहतील असा ड्रम फिरवून बसवा, बुचाला टेफ्लॉन टेप आणि वरून सिलिकॉन, आणि बुचं पहाटे गार वेळी आवळा. आणखी पक्कं हवं तर आत थर्मोकोलचे दाणे भरा. ड्रम खाद्यतेलाचा किंवा तसल्याच वस्तूचा घ्या. कीटकनाशकाचे ड्रम स्वस्त मिळतात, पण जलाशयात घालू नका. लोखंडी ड्रम तर नकोच, दोन-तीन वर्षांत खालून चाळणी.

लोखंडाला रंग नाही, हॉट-डिप गॅल्व्हनाइझिंग (वितळलेल्या जस्ताच्या कढईत बुडवणं). ५ मिलिमीटरच्या वरच्या लोखंडाला आयएस ४७५९ प्रमाणे चौरस मीटरला ६१० ग्रॅम जस्त, म्हणजे ८५ मायक्रॉनच्या आसपास जाडी. मायक्रॉन मोजायचं छोटं यंत्र असतं, माल उतरवताना समोर दहा ठिकाणी मोजून घ्या. "कोल्ड गॅल्व्हनाइझ मारून देतो" म्हणजे डब्यातला चंदेरी रंग, त्याला हो म्हणू नका.

क्रम महत्त्वाचा: आधी सगळं वेल्डिंग, सगळी भोकं, मग जस्त. जस्तानंतर एकही वेल्ड नाही, जोड फक्त बोल्टने. म्हणूनच ३ बाय ३ चे तुकडे. कारखान्याच्या कढईत तुकडा मावतो का ते कापण्याआधी विचारा, नाहीतर दुकानात सुंदर सांगाडा तयार आणि कढईत बसेना. बॉक्स पाइप वापरला तर दोन्ही टोकांना हवेची भोकं ठेवावी लागतात. बंद पाइप कढईत फुटतो.

---

डोंगेवाला

भाऊ, एवढे आकडे वाचले, पण इकॉर्नियाचं कोणी बोललंच नाही. नाग नदीचं सारं घाण पाणी कन्हानमधून खाली येते, त्यावर ही जलपर्णी माजते. वारा फिरला का आख्खा पट्टा एका काठाले येऊन थप्प बसते. धक्क्याच्या आतल्या अंगाले एकदा अडकली का काढता काढता जीव जाते, आणि तिचा रेटा बोटीच्या रेट्यापेक्षा जास्त. दोर तोडते ना जी.

म्हून दोन गोष्टी करा. एक, ड्रमाच्या खाली लटकणारं काहीच ठेवू नका, ना टोकं, ना साखळीचे वेटोळे. दोन, वाऱ्याच्या बाजूने २०-२५ मीटर दूर ड्रमांची तिरपी रांग बांधा, जाड दोरावर, म्हंजे पट्टा बाजूनं सरकून जाते. दर आठवड्याले साफ केलं तर घमेलाभर निघते, महिन्यानं केलं तर ट्रॉलीभर.

दुसरं, ढिवरांची जाळी कुठून कुठे लागते ते संस्थेत जाऊन इचारा. जाळ्यावर धक्का बसवाल तर भांडण होईलच, आन् पंख्यात जाळं गुंतलं तर नुकसान दोघायचं.

आन् जागा. तुमच्या वावराले लागून जुन्या नाल्याचं तोंड असन तर तिथं कड उभी असते, पाणी लवकर खोल होते. तिथं पाहा पहिले. पण बुडालेल्या झाडायची खोडं तिथंच जास्त असतात, मेमध्ये पायानं चालून खुणा करून ठेवा. ऑक्टोबरात दिसत नाही ते ड्रमाले भोक पाडते.

---

वैनगंगाकाठ

सर्वांचे आभार. नाल्याचं तोंड उत्तरेला ४० मीटरवर आहे, तिथे उतार जास्त दिसतो, या मेमध्ये मोजेन. दोन शंका. धक्का बांधून कसा ठेवायचा, कारण बुडीत क्षेत्रात कायमचं काही रोवता येणार नाही? आणि पैसे कोणत्या टप्प्यांनी द्यायचे? वेल्डिंगवाला अर्धे आगाऊ मागून राहिला.

---

मोजपट्टी

आधी बांधणं. लोकांचा समज असा की सिमेंटचा ठोकळा टाकला की झालं. ६० बाय ६० बाय ५० सेंटिमीटरचा ठोकळा काठावर ४३० किलो. पाण्यात त्याचे २५० राहतात. गाळावर आडवा ओढला तर साधारण निम्म्यावर घसरतो, म्हणजे खरी पकड सव्वाशे किलोची. धक्का आणि बोट मिळून पावणेसात चौरस मीटर बाजू वाऱ्याला लागते, चौरस मीटरला ११८ किलो या वाऱ्याच्या दाबाने तिच्यावर ८०० किलो ओढ येते. एका बाजूला असे सहा-सात ठोकळे लागतील. ते नको.

असं करा. तुमच्या स्वतःच्या हद्दीत, धुऱ्याच्या आत, एकमेकांपासून २० मीटरवर दोन काँक्रीटचे ठोकळे पुरा, १ बाय १ बाय ०.६ मीटर, माथा जमिनीखाली अर्धा मीटर. त्यांना कडी. तिथून १२ मिलिमीटरच्या जस्त चढवलेल्या दोन वायर रोप धक्क्याच्या आतल्या दोन कोपऱ्यांना, इंग्रजी व्ही सारख्या. धक्का पुढे नेला की रोप तेवढी सोडायची. लांबी प्रत्येकी ६० मीटर घ्या. जमिनीवरून जाते तिथे लाल-पांढरा रंग, नाहीतर अंधारात पाय अडकतो.

आडव्या वाऱ्यासाठी बाहेरच्या दोन कोपऱ्यांतून तिरपे दोन फाळाचे बोटीचे नांगर, २५-३० किलोचे. त्यांना १० मिलिमीटरची साखळी, लांबी पाण्याच्या खोलीच्या निदान पाचपट. फाळ गाळात रुततो, ठोकळ्यासारखा घसरत नाही. साखळी धक्क्याखालून एकमेकींना छेदून न्या, म्हणजे बोट बाजूला लागली तरी पंख्यात येत नाही. शिवाय धक्क्यात दोन उभ्या नळ्या ठेवून त्यांतून ७५ मिलिमीटरचे पाइप खुंट्यासारखे गाळात उतरवले तर रोजची डुलणी थांबते. वादळाचा अंदाज असेल त्या दिवशी बोट बाहेर काढा, निम्मा भार तिथेच गेला.

१५ जूनच्या आधी संच रपट्याच्या वरच्या टोकाजवळ आणून रोप आखडून बांधायचा. पावसाळ्यात पाणी दिवसात मीटरभर चढलं तर कड १० मीटर वर येते आणि जोडपुलाची चाकं पाण्याखाली जातात. २०२० च्या ऑगस्टअखेरचा वैनगंगेचा पूर लक्षात घ्या. फुगवट्यात वरच्या अंगाला पुराची पातळी भिंतीजवळच्या पातळीपेक्षा चढी असते. म्हणून २४५.५० वर थांबू नका, तुमच्या गावातली पुराची खूण शोधा आणि पुरलेल्या ठोकळ्यांच्या कड्या तिच्या वर ठेवा.

आता पैसे. अर्धे आगाऊ देऊ नका. लोखंडाचा भाव चढेल ही त्याची भीती खरी आहे, त्यावर तोड अशी की लोखंड, ड्रम, फळ्या तुम्हीच त्याच्या यादीप्रमाणे विकत घेऊन द्या आणि मजुरी किलोवर ठरवा. वजनकाट्याची पावती दोघांसमोर.

एकरकमी असेल तर टप्पे साधारण असे धरा:

करार होताना १० टक्के.
माल दुकानात उतरल्यावर, मोजून, ३० टक्के.
वेल्डिंग झाल्यावर जस्ताला पाठवण्याआधी तपासणी, २० टक्के. ही तपासणी चुकवू नका, नंतर दुरुस्ती नाही.
पाण्यात सोडून भाराची चाचणी पास झाल्यावर ३० टक्के.
राहिलेले १० टक्के ३१ ऑक्टोबरला, म्हणजे एक पावसाळा आणि एक पूर्ण फुगवटा पाहून.

भाराची चाचणी सोपी आहे. वर ९ रिकामे ड्रम उभे करून पाण्याने भरा, १८०० किलो झाले. चारही कोपऱ्यांत फळीपासून पाण्यापर्यंतचं अंतर टेपने मोजा, फरक ५ सेंटिमीटरच्या आत हवा. रात्रभर ठेवा. सकाळी तीच मापं पुन्हा घ्या. एखादा कोपरा खाली गेला असेल तर त्याच्या खालचा ड्रम पाणी घेतोय. मग सगळे ९ एका कडेला सरकवू नका हं, ती चाचणी नाही. एका कडेला ४ पुरे.

करार ५०० रुपयांच्या मुद्रांकावर, आणि त्यात आकडे: चॅनलचा आकार, ड्रमची संख्या, जस्ताचे मायक्रॉन, बोल्टचा व्यास, स्क्रू स्टेनलेस ३०४, फळ्यांमधली फट ६ ते ८ मिलिमीटर. "चांगल्या प्रतीचे" हा शब्द दिसला तर खोडा. उशिरासाठी दंड फक्त रपट्याच्या कामावर लावा, कारण तिथेच तारीख खरी आहे. मजुरांचा विमा कोणाकडे, हेही लिहा.

ठेकेदाराला विचारायचा मुख्य प्रश्न: तुमचं आधीचं काम कुठे आहे आणि मी ते मेमध्ये पाहू शकतो का? फोटो सगळ्यांकडे ऑक्टोबरचेच असतात.

---

वेल्डिंग_आणि_बोल्ट

एक राहिलं. आपल्या भागात धक्के बांधणारे फार नाहीत, पण पिंजऱ्यातल्या मत्स्यपालनाचे तरंगते सांगाडे बनवणारे आहेत. त्यांना ड्रम, ठोकळे, साखळ्या, नांगर सगळं ठाऊक असतं. एक कोटेशन त्यांच्याकडून घ्या. त्यांचा चालायचा पट्टा अरुंद असतो, तेव्हा माणसांचा भार चौरस मीटरला २०० किलो हे तोंडी न सांगता लिहून द्या.

ठोकळे की ड्रम याबद्दल: ठोकळ्यांना सांगाडा नको, गंज नाही, एकेक जोडून दोघांना हलवता येतात. महाग आहेत, आणि मेमध्ये कधी टेकले तर ओल्या गाळात चिकटून बसतात. पाणी वर आलं की एक कड सुटते, दुसरी धरून राहते आणि मधल्या जोडणीच्या पिना तुटतात. टेकणार असतील तर खाली रपट्याचा मुरूम हवाच. ड्रमचा धक्का टेकला तर त्याच्यासाठी रपट्यावर आधी दोन आडवे पाइप ठेवा, भार सांगाड्यावर येऊ द्या, ड्रमवर नाही.

---

डोंगेवाला

पाइप ठेवान तर खिळ्यानं ठोकून ठेवा भाऊ. पहिल्या लाटेत वाहून जाते.